देवळातून ठरणारं आवर्तन: बालीतल्या सुबकांचं प्रकरण

इंडोनेशियातल्या बाली बेटावर आशियाई विकास बँकेच्या कर्जातून सिंचन प्रकल्प चालू होता, तेव्हाची गोष्ट. तिथला एक अमेरिकी अभियंता वैतागून म्हणाला होता, या लोकांना महापुजारी नको, जलतज्ज्ञ पाहिजे. त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. पाणी कुणाला, किती आणि कधी, याचा हिशोब मागावा आणि समोरच्यानं देवळाकडे बोट दाखवावं, तर कुठल्याही अभियंत्याचं डोकं फिरेल.

नंतरच्या काही वर्षांत उलगडलं ते असं, की देवळांमध्ये चाललं होतं तेच बालीचं जलव्यवस्थापन होतं. बाहेरून आलेल्यांना ते ओळखू आलं नाही, कारण त्याच्यावर फुलं वाहिलेली होती.

शाश्वत विकास आणि स्थानिक ज्ञान असा विषय निघाला की औषधी वनस्पती, जुनी बियाणी, घरबांधणीचं साहित्य अशी हातात धरता येणारी उदाहरणं पुढे येतात. मला सुबकाचं, म्हणजे बालीतल्या शेतकऱ्यांच्या पाणी-संघटनांचं, प्रकरण त्याहून मोलाचं वाटतं. इथलं ज्ञान उचलून संग्रहालयात ठेवता येत नाही. ते तारखांमध्ये आहे: कुणी कधी चिखलणी करायची आणि कुणी कधी रान रिकामं ठेवायचं, एवढ्यात. अशा ज्ञानाला पेटंट नसतं आणि त्याचा फोटोही निघत नाही. म्हणून ते मोडताना आपण काही मोडतोय, हे मोडणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

डोंगर, घळी आणि बोगदे

बाली ज्वालामुखींनी घडवलेलं बेट आहे. उतार तीव्र, आणि नद्यांनी मऊ राखखडक कापून खोल घळी केलेल्या. नदीकाठी उभं राहिलं तर पाणी पार तळाशी दिसतं. ते तिथल्या तिथे शेतावर आणायची सोय नाही. त्यामुळे वरच्या अंगाला बंधारा घालायचा, तिथून पाणी वळवायचं आणि पाटानं, जागोजागी डोंगर पोखरून बोगद्यानं, काही किलोमीटर खाली खाचरांवर काढायचं, असा सगळा खटाटोप. हे काम जुनं आहे. इसवी सन ८९६ च्या बालीतल्या एका लेखात बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा उल्लेख येतो, आणि १०७१ च्या लेखात ‘सुबक’ या शब्दाचं जुनं रूप सापडतं.

सुबक म्हणजे एका पाण्यावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना. सुबक आणि गाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस राहतो त्या वस्तीचा सभासद असतो आणि त्याचं खाचर ज्या पाटावर आहे त्या सुबकाचाही असतो. जमीन दोन पाटांवर असेल तर सुबकही दोन. सुबकाच्या प्रमुखाला पेकासेह म्हणतात. नियमांना आविग-आविग म्हणतात: पाणी चोरलं तर दंड किती, पाट साफ करायला आला नाही तर दंड किती, बैठक चुकवली तर किती. बैठकीत जातीचा मान चालत नाही, निदान नियमानं तरी नाही. पाण्यापुरते सगळे सारखे. बालीचा समाज जातिभेदापासून मुक्त नाही, हे ध्यानात घेतलं म्हणजे या नियमाचं वजन कळतं.

वाटपाचं साधन बघण्यासारखं आहे. त्याला तेम्बुकू म्हणतात. पाट जिथे फुटतो तिथे एक जाड लाकूड आडवं बसवलेलं असतं आणि त्याच्या वरच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात. सगळ्या खाचांचा तळ एका पातळीत, रुंदी मात्र ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे. पलीकडे ज्या शाखेवर जास्त खाचरं, तिची खाच रुंद. बस, इतकंच. त्याला झडप नाही, मीटर नाही, कुलूप नाही. नदीला पाणी निम्मं झालं की प्रत्येकाचं पाणी निम्मं होतं, आणि हे ठरवायला कुणाला यावं लागत नाही. कुणी रात्री येऊन आपली खाच खरवडली तर सकाळी पाटावरून जाणाऱ्या कुणालाही ती दिसते. सिंचन खात्यांनी जगभर बसवलेल्या लोखंडी दारांचं काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या लाकडाचं मोल वेगळं सांगायला नको.

पण तेम्बुकू फक्त ‘किती’चं उत्तर देतं. खरी कसोटी ‘कधी’ची.

दोन दुखणी, एकच तारीख

भाताला सगळ्यात जास्त पाणी लागतं ते सुरुवातीला, खाचर भरून चिखलणी करताना. नदीवरच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात चिखलणी काढली तर नदी पुरत नाही, आणि मरण येतं ते टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं. त्यावरचा उपाय कुणीही सांगेल: पाळ्या लावा. आज वरचे, पुढच्या पंधरवड्यात मधले, मग खालचे. पाण्याचाच प्रश्न असता तर जितक्या जास्त पाळ्या तितकं बरं.

दुसरं दुखणं किडीचं. तपकिरी तुडतुडा, खोडकिडा, उंदीर यांना बांध कळत नाहीत. माझं भात कापलं आणि शेजाऱ्याचं अजून हिरवं आहे, तर माझ्या रानातली कीड शेजाऱ्याकडे मुक्कामाला जाते आणि माझी पुढची लावणी झाली की परत येते. तिला वर्षभर जेवण मिळतं. यावरचा उपाय नेमका उलटा आहे: सगळ्यांनी एकदम लावा, एकदम कापा, आणि मग शिवारभर एकदम पड ठेवा. कापलेल्या खाचरांत पाणी भरून ठेवायचं, बदकांचे कळप सोडायचे. ती सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे टिपत फिरतात. काही आठवडे किडीला खायला आणि राहायला जागाच उरत नाही. मात्र हा पट्टा मोठा लागतो. चार खाचरं रिकामी ठेवून काही होत नाही. कीड उडून पलीकडे जाते.

म्हणजे पाणी म्हणतं वेगवेगळे लावा आणि कीड म्हणते एकदम लावा. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बरोबर जागा आहे. ती प्रत्येक खोऱ्यात वेगळी, आणि पावसाप्रमाणे दर वर्षी थोडी सरकणारी. ती शोधायची जागा म्हणजे देऊळ.

ही देवळं पाण्याच्या फाट्यांवर बसवलेली आहेत. शेतकऱ्याच्या खाचरात पाणी शिरतं त्या कोपऱ्यात एक छोटं देव्हारं. सुबकाचं पाणी जिथून सुरू होतं तिथे त्या सुबकाचं देऊळ. पाटावरच्या सगळ्या सुबकांचं मिळून उलुन स्वी. त्याच्याही वर, अनेक सुबकांना एकत्र आणणारं मासचेती. आणि सगळ्यांच्या वर, ज्वालामुखीच्या मुखाशी असलेल्या बातुर सरोवराच्या काठावरच्या डोंगरकडेवर, पुरा उलुन दानु बातुर, सरोवराच्या देवीचं, देवी दानुचं देऊळ. मूळचं देऊळ खाली दरीत होतं. १९२६ च्या उद्रेकात गाव गेलं आणि देऊळ वर कडेला हलवलं. तिथल्या महापुजाऱ्याला जेरो गदे म्हणतात. नवा झरा फोडायचा, नवा पाट काढायचा, तर त्याच्याशी बोलल्याशिवाय होत नाही. हंगामाची तारीख मात्र तो वरून फर्मावत नाही. ती त्या त्या देवळाच्या भक्तांच्या, म्हणजे सुबकांच्या, बैठकीत ठरते. देवळात कोण येतं हे पाण्याच्या वाटेनं ठरलेलं असल्यामुळे, ज्यांचं पाणी एकमेकांत गुंतलंय तीच माणसं आपोआप एका मंडपात बसतात.

एक मासचेती जवळून बघू. पामोस आपुह नावाच्या देवळाशी १४ सुबक जोडलेले आहेत. वरचा बायाडचा बंधारा साधारण १०० हेक्टर भिजवतो, काही किलोमीटर खालचा मानुआबाचा ३५०. दोन्हीकडचे एकदम चिखलणीला लागले तर खालच्यांचं पाणी तुटतं. पूर्ण वेगवेगळे गेले तर किडीला पूल मिळतो. म्हणून दोन्ही पट्ट्यांत दोन-एक आठवड्यांचं अंतर ठेवायचं. वरच्यांची चिखलणी उरकली की खालच्यांची सुरू. पाण्याची सगळ्यात मोठी मागणी एकावर एक पडत नाही, आणि कापणीनंतर दोन्ही पट्टे बरेच दिवस एकत्र रिकामे राहतात.

इथे कुणालाही पडणारा प्रश्न: वरचे ऐकतात का? पाण्याच्या मुखाशी बसलेल्यानं खालच्याची पर्वा करावी, हे कुठल्याच कालव्यावर सहसा घडत नाही. याचं उत्तर शेतकऱ्यांनीच दिलं. १९९८ मध्ये अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांच्या गटानं १० सुबकांतल्या १५० शेतकऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला: कीड वाईट की पाणीटंचाई? खालचे म्हणाले पाणीटंचाई. वरच्यांचा कल किडीकडे. वरच्याला पाणी भरपूर आहे, पण खालच्यानं वाटेल तेव्हा लावलं तर त्याची कीड वर चढते. म्हणून वरचा पाणी सोडतो आणि त्या बदल्यात खालच्याकडून एकसाथ लावणी घेतो. चांगुलपणा असला तर सोन्याहून पिवळं, पण व्यवस्था त्याच्या भरवशावर उभी नाही. पाण्यात एकाचा हात वर आहे, किडीत दुसऱ्याचा; सौदा जमतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सुंदर भाग हाच, आणि तो कुठल्याही स्तोत्रात नाही.

पॅकेज येतं

१९६० च्या दशकातला इंडोनेशिया उपाशी देश होता, हे विसरून पुढचं वाचू नये. भात आयात करावं लागत होतं, लोकसंख्या वाढत होती, आणि फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ मध्ये आयआर-८ हे वाण आणलं होतं. सरकारच्या ‘बिमास’ कार्यक्रमातून नवं बियाणं, रासायनिक खत, कीटकनाशक आणि त्यासाठी कर्ज असं पॅकेज शेतकऱ्याच्या दारात आलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बालीत पोचलं.

बालीचं जुनं भात गरवं, पाच-सहा महिन्यांचं. नवं हळवं, चार महिन्यांच्या आतबाहेर. गणित सरळ होतं: वर्षात दोनाऐवजी तीन पिकं घ्या, कापलं की लगेच लावा. शेजारी काय करतोय ते बघू नका. लावणीचं जुनं चक्र सोडून जमेल तितक्या वेळा भात घेणाऱ्या या पद्धतीला बालीत नावही मिळालं: तुलाक सुमुर. देवळांवर बंदी आली नव्हती. पूजा चालू होत्या, नैवेद्य जात होते. तारीख ठरवण्याचा अधिकार तेवढा निघून गेला, आणि बाहेरच्यांच्या नजरेत तो अधिकार देवळाकडे कधी नव्हताच.

सुरुवातीला उत्पादन वाढलं. ते खरं आहे आणि सांगायला हवं. पण १९७४ च्या सुमारास जिल्ह्यांच्या कृषी कार्यालयांतूनच वेगळी पत्रं जाऊ लागली: पाण्याच्या पाळ्यांचा गोंधळ झालाय, कीड आवरेनाशी झालीय. १९७७ पर्यंत दक्षिण बालीतली सुमारे ७० टक्के खाचरं नव्या वाणांखाली होती. तपकिरी तुडतुड्यानं इंडोनेशियाभर धुमाकूळ घातला. त्याला दाद न देणारं वाण आणलं तर टुंग्रो विषाणू आला; टुंग्रोला टिकणारं आणलं तर करपा. दर खेपेला बियाणं बदललं जात होतं आणि किडीचं वर्षभराचं जेवण तसंच चालू होतं.

फवारणीनं आगीत तेल ओतलं. तुडतुडा अंडी घालतो ती पानाच्या आवरणाच्या आत, तिथे औषध पोचत नाही. मरतात ते त्याला खाणारे कोळी आणि मित्रकीटक. आठवडा-दोन आठवड्यांनी अंडी फुटतात आणि नव्या पिढीला खाणारं कुणी उरलेलं नसतं. इंडोनेशियाला हे उमगायला १९८६ साल उजाडलं. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली.

खताची गोष्ट त्याहून गमतीची, गंमत म्हणवत असेल तर. बालीचा खडक ज्वालामुखीचा आहे. पाऊस त्यातून पालाश आणि स्फुरद धुऊन आणतो आणि पाटाचं पाणी ते रोज खाचरात आणून घालतं. म्हणजे पाणी हेच खत. पॅकेजमध्ये मात्र या दोन्हीच्या गोण्या होत्या. शेतकऱ्यानं कर्ज काढून त्या टाकल्या, आणि जे पिकानं घेतलं नाही ते नत्रासकट नदीवाटे समुद्रात गेलं. किनाऱ्यालगतच्या प्रवाळांच्या सांगाड्यांत, झाडाच्या वर्तुळांसारख्या थरांत, त्या काळातल्या खताच्या नत्राची खूण शास्त्रज्ञांना पुढे सापडली. शेतीच्या धोरणाची नोंद समुद्राच्या तळाशी झालेली, असं क्वचित बघायला मिळतं.

अशा घडीला, १९७९ मध्ये, आशियाई विकास बँकेचा सिंचन प्रकल्प आला. बंधारे काँक्रीटचे करायचे, वाटप शास्त्रशुद्ध करायचं, पिकांचं वेळापत्रक अधिकाऱ्यांनी ठरवायचं. लान्सिंग अहवाल लिहून सांगत होते की पाण्याच्या देवळांचं काम समजून घ्या. सल्लागारांना ते परंपराप्रेमी माणसाचं म्हणणं वाटलं. धर्म म्हणजे संस्कृतीचं खातं, पाणी म्हणजे बांधकामाचं खातं. एकाची फाइल दुसऱ्याच्या टेबलावर जात नाही.

संगणकातलं खोरं

लान्सिंग मग जेम्स क्रेमर या परिसंस्थांच्या अभ्यासकाकडे गेले. दोघांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओस आणि पेतानु या दोन नद्यांचं खोरं संगणकावर उभं केलं. त्यात १७२ सुबक होते. पाऊस, नदीचा प्रवाह, पिकाची वाढ, किडीचा फैलाव असं सगळं घालून त्यांनी विचारलं: किती सुबकांनी मिळून एक वेळापत्रक धरलं तर पीक सगळ्यात चांगलं येतं?

प्रत्येक सुबक स्वतंत्र चालला तर कीड खाते. अख्ख्या खोऱ्यानं एकच तारीख धरली तर पाणी मारतं. मधला आकार सरस ठरला, आणि तो मासचेती देवळांच्या गटांशी जुळत होता.

त्यानंतरचा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. सुबकांना देवळंच दिली नाहीत. कुणालाही कुठलंही वेळापत्रक दिलं आणि एकच नियम घातला: वर्षअखेरीस शेजाऱ्यांकडे बघा, ज्याचं पीक सगळ्यात चांगलं त्याची नक्कल करा. संगणकातली थोडीच वर्षं उलटली आणि खोऱ्यात एकसाथ लावणाऱ्या सुबकांचे पुंजके तयार झाले. नकाशा देवळांच्या जाळ्यासारखा दिसू लागला. म्हणजे ही व्यवस्था कुणा राजानं किंवा ऋषीनं आखून दिली असं मानायची गरज उरत नाही. शेकडो वर्षं शेजाऱ्याच्या बांधावर डोकावून ती घडू शकते.

यावर टीकाही झाली, आणि ती बिनबुडाची नाही. स्टेफान हेल्मराइख या मानववंशशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये लिहिलं की या मॉडेलमध्ये सुबक जणू हवाबंद डब्यात आहेत. राजे नाहीत, डच नाहीत, सरकार नाही. बालीच्या राजांचे सेदाहान नावाचे अधिकारी शेतसारा गोळा करत आणि पाण्याच्या तंट्यांत पडत. १९०६ ते १९०८ दरम्यान दक्षिण बाली जिंकल्यावर डचांनीही या व्यवस्थेत हात घातला. संगणकावर सुंदर दिसणारं चित्र खऱ्या खोऱ्यात तसंच असेल, याची हमी नाही. खऱ्या सुबकांतही भांडणं होतात, गट पडतात, काही पेकासेह हलक्या कानाचे निघतात. देऊळ आहे म्हणून समेट आहेच, असं समीकरण मांडणाऱ्यानं आधी दोन बैठकांना बसून यावं.

तरीही मूळ मुद्दा टिकला, आणि तो मान्य केला खुद्द बँकेनं. १९८८ च्या लेखापरीक्षण अहवालात त्यांनी लिहिलं की तंत्रज्ञान आणि नोकरशाहीच्या वाटेनं जाणारा उपाय उलटा पडला. १९८२ ते १९८५ दरम्यान उत्पादन आणि पिकाखालचं क्षेत्र घटलं त्याचं मुख्य कारण तोच. पारंपरिक व्यवस्थेचे गुण न ओळखल्याची किंमत मोठी पडली. कर्ज देणारी संस्था स्वतःच्या प्रकल्पाबद्दल अशी भाषा सहसा वापरत नाही.

शेतकरी या अहवालाची वाट बघत बसले नव्हते. बऱ्याच सुबकांनी त्याआधीच एकसाथ लावणीकडे परतायला सुरुवात केली होती, आणि पुढे सरकारनंही आडकाठी सोडली. कीड ओसरली. परत आलं काय, याकडे मात्र नीट बघायला हवं. जुनं गरवं भात बहुतेक ठिकाणी परत आलं नाही. जातिलुवीहसारख्या काही भागांत लाल तांदळाचं जुनं वाण अजून लावतात, पण बहुतेक बालीकर आजही हळवी सुधारित वाणं घेतात आणि युरिया टाकतात. प्रयोगशाळेचं बियाणं देवळाच्या तारखेवर लावलं जातं, आणि दोघांचं छान जमतं. स्थानिक ज्ञान म्हटलं की ‘सगळं जुनं तसंच ठेवा’ असं ऐकणारे आणि ऐकवणारे, दोघांनाही हे थोडं अडचणीचं आहे. देशज विरुद्ध आधुनिक अशी फाळणी या शेतकऱ्यांनी केलीच नाही. ती प्रकल्पाच्या कागदावर होती.

जातिलुवीहचं तिकीट

२०१२ मध्ये युनेस्कोनं सुबकाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सुमारे १९,५०० हेक्टरची सांस्कृतिक भूमी, बातुरच्या देवळासह. नामांकनात ‘त्रि हित करण’ हे तत्त्व पुढे ठेवलं होतं: देव, माणूस आणि निसर्ग यांच्याशी सलोखा. भावना जुनी असेल, शब्दप्रयोग १९६० च्या दशकातला आहे. त्यात वावगं काही नाही, पण फलकावर तत्त्वज्ञान मोठ्या अक्षरात आलं की तेम्बुकूच्या खाचा आणि दंडाचे नियम मागे पडतात, आणि काम तर तेच करतात.

आता संकट किडीचं नाही. बालीत पर्यटन वाढतंय तशी खाचरं व्हिला, हॉटेलं आणि रस्त्यांखाली जातायत. जमिनीचा भाव चढला की कराचा आकडा चढतो, आणि भात विकून तो भागत नाही. पोरं हॉटेलात कामाला जातात. हॉटेलांना पाणी लागतंच, आणि ते त्याच डोंगरातून येतं. जातिलुवीहला पर्यटक तिकीट काढून खाचरं बघतात. त्या पैशातला वाटा प्रत्यक्ष चिखलात उतरणाऱ्याला किती मिळतो, हा तिथला कायमचा वादाचा विषय.

आकडेवारीत जमीन कमी झालेली दिसते, पण व्यवस्थेला बसणारा धक्का आकड्याहून मोठा असतो. पाटाच्या सुरुवातीची दोन खाचरं विकली गेली तर पाट तसाच राहतो, तेवढ्याच लांबीचा, तेवढाच गाळ धरणारा. तो उपसायला येणारे हात मात्र कमी होतात. पूजेचा खर्च उरलेल्यांत वाटला जातो. पडीच्या काळात शिवार एकसंध रिकामं ठेवायचं, तर मध्येच एखादी बाग बारा महिने हिरवी असते. आविग-आविगमध्ये पाणी चोरणाऱ्याला दंड आहे, कामाला न येणाऱ्याला दंड आहे. पण ज्यानं खाचर विकत घेऊन त्यात जलतरण तलाव बांधला, तो सुबकाचा सभासदच नाही; त्याला बैठकीला बोलवायचं कुठल्या कलमाखाली, हे जुन्या नियमांत कुठे लिहिलेलं नाही.